घरची भाषा आणि शाळेची परीक्षा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवासाठी परदेशाहून आलेली आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे समोर पाहून मला माझी एक चूक आज कबूल करावीशी वाटते. काही वर्षांमागे कॅलिफोर्नियात राहावयास गेलेल्या एका मातेने मला विचारले, "फादर, घरी कोणती भाषा बोलता, असे शाळेच्या प्रवेशाच्या वेळी लिहून मागतात. मराठी लिहिले तर मुलीस कमी लेखतील काय?" पुरती चौकशी न करता मी कळविले, "इंग्रजी लिहा." त्यामुळे मुलीची भाषापरीक्षा झाली नाही, आणि हक्काचे साहाय्य न मिळता ती कित्येक महिने वर्गात मुक्यासारखी बसून राहिली.

ही परीक्षा आहे तरी काय? १९७४ साली 'लाउ विरुद्ध निकोल्स' ह्या खटल्यात, सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ज्यास इंग्रजी समजत नाही त्यास इतरांचीच पुस्तके व इतरांचेच शिक्षक देणे ही समान वागणूक नव्हे. पुढे २०१५ च्या कायद्यानेही असे बंधन ठेविले की, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे ह्या चारही अंगांत प्रत्येक राज्याने दरवर्षी परीक्षा घ्यावी.

कॅलिफोर्नियातील ह्या परीक्षेस 'एल्पॅक' म्हणतात. घरची भाषा इंग्रजीहून निराळी आहे असे दिसल्यास प्रवेशापासून ३० दिवसांच्या आत पहिली परीक्षा होते. मूल इंग्रजीत पुरेसे तयार नसेल तर त्यानंतर दरवर्षी एक होते. वार्षिक परीक्षेचा निकाल १ ते ४ ह्या पायऱ्यांनी देतात. तीत कोणी नापास होत नाही. वैद्य नाडी पाहतो ती रोग्यास लाजविण्यासाठी नव्हे, तशीच ही तपासणी होय. मुलास ह्या साहाय्यातून मोकळे करतानाही केवळ गुण पाहत नाहीत. शिक्षकांचे मत व आईबापांचा विचार घेतात, आणि इंग्रजीत पारंगत असलेल्या त्याच वयाच्या मुलांशी त्याची तुलना करून पाहतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. मूल खेळाच्या मैदानावर इंग्रजी बोलू लागले की आपणांस वाटते, झाले! परंतु कॅनडातील भाषापंडित जिम कमिन्स ह्यांनी दाखविले आहे की, बोलचालीची भाषा एकदोन वर्षांत येते, पण पुस्तकातील भाषा येण्यास पाच किंवा अधिक वर्षे लागतात. म्हणून निकालपत्र हाती आल्यावर चारही अंगे निरनिराळी पाहावी. बोलण्यातील यशामागे लिहिण्यातील उणीव दडलेली असू शकते.

त्या मुलीची अडचण पुढे तिच्या शिक्षिकेने ओळखली, परीक्षा झाली, आणि साहाय्यही मिळाले. परंतु वाया गेलेले महिने माझ्या सल्ल्याचे फळ होते. तरी पालकहो, तो कागद पुढे आला की खरे तेच लिहा, आणि घरी मुलांशी खुशाल मराठी बोला. आईची भाषा ही लपविण्याची वस्तू नव्हे.