न झालेलं काम लिहून ठेवा

आज नर्सिंगची पदवी हातात घेतलेल्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यापैकी काही जण आयसीयूत जातील, काही ऑपरेशन थिएटरमध्ये, काही परीक्षा देऊन आखाती देशांत किंवा इंग्लंड-आयर्लंडला. परदेशी जाणाऱ्यांपैकी कित्येकांना तिथे काम मिळेल ते वृद्धांच्या निवासी केंद्रांत. इथे राहणाऱ्यांचंही फार वेगळं होणार नाही. मुलं परगावी असतात, आईचा खुबा मोडतो, आणि हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळायच्या आतच तिला ठेवून घेणाऱ्या जागेचा शोध सुरू होतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती, आणि महाराष्ट्रातलं त्यांचं प्रमाण तेव्हाच देशाच्या सरासरीपेक्षा वर होतं. म्हणून आज मी त्या जागेबद्दल बोलणार आहे, जिथे माणूस उपचार घेऊन घरी जायला येत नाही, राहायला येतो. माझी बहुतेक नोकरी अशाच घरांमध्ये झाली.

या कामाला आपल्या क्षेत्रात मान कमी आहे. ‘तिथे काय, नुसतं डायपर बदलायचं,’ असं तुमच्या कानावर आलं असेल. त्यावर मला एका डॉक्टरांची गोष्ट सांगायची आहे. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे १९३५ मध्ये शेजारचं, गोरगरिबांसाठीचं जुनं रुग्णालय सोपवण्यात आलं. तिथे ७१४ रुग्ण होते. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर. त्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. त्यांनी एकेकाला नीट तपासलं. अनेक जण उठवून बसवले असते तर चालले असते, पण त्यांना उठवायचं कोणी ठरवलंच नव्हतं. वॉरनबाईंनी भिंतींना उजळ रंग दिले, धरून चालायला कठडे लावले, व्यायाम सुरू केले. काही रुग्ण तर चक्क घरी परतले. आज ज्याला आपण वृद्धवैद्यक म्हणतो, त्याचा पाया त्या वॉर्डांत घातला गेला. तिथे नवं औषध सापडलं नव्हतं. प्रत्येक खाटेवरच्या माणसाची खरी अवस्था पहिल्यांदाच कोणीतरी पाहिली आणि लिहून काढली, एवढं झालं होतं.

हे ‘खरं लिहून काढणं’ हाच माझा आजचा मुद्दा आहे.

बेडसोर घ्या. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांबरोबर केलेलं संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा वॉर्डावॉर्डांत पाठीला नाना तऱ्हेची द्रव्यं आणि मलमं चोळली जात. नॉर्टनबाईंनी पाहिलं की जखम टाळायची असेल तर दाब हटवायला हवा, म्हणजे कूस बदलायला हवी. नॉर्टन स्केल तुम्ही शिकला आहात: पाच बाबी, प्रत्येकीला चार गुण, जास्तीत जास्त वीस. आपल्याकडे मात्र स्पिरिट आणि पावडरचा बॅक केअर अजून चालू आहे, आणि लालसर झालेल्या जागी जोरात चोळणंही चालू आहे. त्याने नाजूक झालेली कातडी आणखी दुखावते. दुसरं असं, की पुस्तकात पहिली खूण ‘लाल डाग’ अशी दिलेली असते. सावळ्या कातडीवर तो लाल दिसत नाही. तिथे हाताने चाचपून बघावं लागतं. माकडहाड, खुबा, टाचा इथली जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, घट्ट किंवा पिचपिचीत लागते का, काळपट झाली आहे का, आजी हात लावल्यावर आक्रसते का? नुसता दिवा लावून लांबून बघितलं तर ही जखम तुम्हाला चौथ्या दिवशी दिसेल, आणि तोवर आतलं मांस गेलेलं असेल.

आता चार्टकडे या. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद असते. दहा, बारा, दोन, चार, सहा. मी असे पुष्कळ चार्ट पाहिले आहेत ज्यांत पाचही सह्या एकाच पेनने, एकाच तिरकेपणाने, एकाच बैठकीत केलेल्या असतात. पाठीवर जखम आणि कागदावर निर्दोष रात्र. तुम्हाला वाटेल, आया आळशी होती. तसं नसतं. मजल्यावर रात्री ती एकटी असते. आया पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली, बारा तासांची ड्यूटी, घरी लहान मूल. ऐंशी किलोच्या माणसाची कूस एकटीने बदलायची तर तिची कंबर जाते आणि त्याची कातडी चादरीवर घासून सोलते. हे काम दोघांचं आहे. ती जमेल तेवढं करते आणि उरलेलं भरून टाकते, कारण रिकामी चौकट दिसली की सकाळी तिलाच बोलणी बसतात. सही खोटी पडते ती खरं तर ड्यूटी शीट लावताना, अख्ख्या मजल्याला एकटी बाई दिली जाते तेव्हाच.

म्हणून माझं तुमच्याकडे पहिलं मागणं हे आहे: जे झालं नाही ते ‘झालं नाही’ असं लिहा, आणि का झालं नाही तेही लिहा. ‘रात्री दोन वाजता कूस बदलता आली नाही, मजल्यावर एकटी होते.’ असं वाक्य आठवडाभर रोज लिहिलं गेलं, तर संस्थेच्या ट्रस्टींना दुसरा माणूस नेमावा लागतो. खोट्या सह्यांनी तो कधीच नेमला जात नाही. खऱ्या नोंदीमुळे तुम्हाला मेमो मिळू शकतो, हे मला माहीत आहे. तरीही लिहा, आणि दोघीतिघींनी मिळून लिहा.

दुसरी गोष्ट आयांचं ऐकण्याची. आजोबांना अंघोळ तीच घालते, घास तीच भरवते. ‘सिस्टर, बाबा आज वेगळेच वाटतायत,’ असं ती म्हणते. बीपी नॉर्मल, ताप नाही, म्हणून आपण पुढे जातो. म्हातारपणी लघवीचा संसर्ग किंवा न्यूमोनिया ताप न येताही सुरू होतो, आणि पहिली खूण बऱ्याचदा वागण्यातली असते. माणूस जेवताना पेंगतो, मुलीला ओळखत नाही, उगाच चादर ओढत बसतो. अमेरिकेतल्या नर्सिंग होम्ससाठी मदतनिसांनी भरायची एक साधी चिठ्ठी तयार करण्यात आली आहे. तिच्यातला पहिलाच मुद्दा ‘नेहमीपेक्षा वेगळे वाटतात’ हा आहे. कारणही द्यायला नको, नुसतं ‘वाटतं’ पुरे. हँडओव्हर देताना या आयांना दाराबाहेर उभं करण्याची आपली पद्धत आहे. ती तुम्ही मोडा.

ऐकलं नाही की काय होतं, ते सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात दिसलं. इर्मा चक्रीवादळाने हॉलिवूड नावाच्या शहरातल्या एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. इमारत तापत गेली आणि तिथल्या बारा वृद्धांचा मृत्यू झाला. रस्त्यापलीकडे मोठं हॉस्पिटल होतं आणि तिथे वीज होती. खोल्या तापल्या आहेत हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगाला कळत असणार, पण सगळ्यांना वेळेत बाहेर काढण्याचा निर्णय झाला नाही. त्यानंतर त्या राज्याने नर्सिंग होम्सना जनरेटर आणि इंधन सक्तीचं केलं. चंद्रपूर-नागपूरकडे नोकरी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि मे महिन्यात लाइट जाते.

सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला खाटेला बांधण्याबद्दल मला फार तीव्र वाटतं. ‘पडतील म्हणून बांधलं,’ असं नातेवाइकांना सांगितलं जातं आणि तेही मान डोलावतात. बांधलेल्या माणसाची मांडी काही आठवड्यांत आटते, मग तो खरंच पडण्याजोगा होतो. खाटेचे कठडे वर केले तर तो ते ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. अमेरिकेने १९८७ च्या कायद्यात स्पष्ट केलं की शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणाला बांधता येणार नाही, आणि गुंगीची गोळीही त्याच मापाने मोजली जाईल. त्यानंतर तिथलं बांधण्याचं प्रमाण खूप उतरलं. माणूस रात्री का उठतो, हे आधी विचारा. बहुतेक वेळा त्याला लघवीला जायचं असतं. खाट खाली घ्या, संडासात दिवा ठेवा, झोपण्यापूर्वी नेऊन आणा, बीपीची नवी गोळी सुरू झाली असेल तर झोपलेलं आणि उभं असताना, दोन्ही बीपी घ्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. निराधारांसाठी जिल्ह्याला निदान एक, १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, असं तो सुचवतो. खाजगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे तुमच्या चार्टची तपासणी करायला बाहेरून कोणी येईल, या भरवशावर राहू नका.

व्यासपीठावरच्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. विद्यार्थ्यांची वृद्धाश्रमातली पोस्टिंग फळवाटप आणि गाण्याच्या कार्यक्रमावर संपवू नका. त्यांना तिथे रात्रपाळी करू द्या, एका आयाच्या हाताखाली.

आणि मुलामुलींनो, तुम्ही लवकरच इन्चार्ज व्हाल. एखाद्या सकाळी रिकाम्या चौकटींचा चार्ट घेऊन कोणी तुमच्यासमोर उभी राहिली, तर तिला आधी बसायला खुर्ची द्या. रात्री मजल्यावर कोण कोण होतं, ते विचारा. तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तुमची सही करा, आणि तो कागद घेऊन ट्रस्टींकडे तुम्ही स्वतः जा.