गुरुजींचं नाव कोण पाठवणार?

मी पायदळातून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता बडोद्यात राहतो. तुम्ही इंदूरला असाल, बेळगावला, हैदराबादला किंवा पुण्यात असाल. कुठेही असा, सुरुवातीला एकच विचारतो. तुम्हाला पहिलं अक्षर कुणी गिरवायला लावलं, आठवतं का? आणि त्या माणसाचा सत्कार झालेला तुम्ही कधी पाहिलात का?

माझ्यापुरतं सांगतो. माणूस आठवतो. सत्कार पाहिला नाही.

माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, चौथीपर्यंतची. गुरुजी सहा किलोमीटरवरून सायकलने यायचे. १९७० साली मी चौथीत असताना ते सातारच्या सैनिक शाळेचा अर्ज घेऊन घरी आले. वडील म्हणाले, "गुरुजी, पोरगं गेलं तर गुरं कोण बघणार?" गुरुजी वाद घालत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. शेवटी वडिलांनी अंगठा उठवला. अर्ज गुरुजींनीच भरला आणि परीक्षेला एसटीने मला तेच घेऊन गेले. तिकीट त्यांच्या खिशातून. सैनिक शाळेतून मी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत गेलो आणि तिथून पलटणीत.

आता फौजेतली एक पद्धत सांगतो, कारण आजचा विषय तिच्याशी जोडलेला आहे. फौजेत जवान स्वतःसाठी पदक मागत नाही. त्याचं काम पाहणारा अधिकारी त्याच्याबद्दल एक कागद लिहितो. त्याला आम्ही सायटेशन म्हणतो. तारीख, जागा, परिस्थिती, त्याने नेमकं काय केलं आणि त्याने काय साधलं, एवढंच त्यात असतं. "शूर आहे, कर्तव्यदक्ष आहे" असं लिहून भागत नाही. काय केलं ते लिहावं लागतं. तो कागद वर जातो, तपासला जातो आणि मग २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला नाव जाहीर होतं.

शिक्षकांचं कसं आहे? राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाले. डॉ. राधाकृष्णन १९६२ मध्ये राष्ट्रपती झाले आणि त्या वर्षापासून ५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण शिक्षक दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी दिल्लीत पुरस्कार देतात. प्रशस्तिपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये. महाराष्ट्राचा राज्य पुरस्कार सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे आणि ते योग्यच आहे.

राष्ट्रीय पुरस्कारासाठी आधी राज्यांकडून नावं जायची. २०१८ पासून शिक्षक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. मी या बदलाच्या विरोधात नाही. वरच्यांची मर्जी नसलेल्या चांगल्या शिक्षकालाही त्यामुळे दार उघडं झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेतला माणूस किती पुढे जाऊ शकतो, हे आपण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांच्या रूपाने पाहिलंच. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. दहा लाख डॉलर्सचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पण देशात शाळांमधले शिक्षक आता एक कोटीच्या वर आहेत. त्यांतले कितीतरी असे असणार, की जे अर्ज करणारच नाहीत. माझे गुरुजी त्यांतलेच.

निवृत्तीनंतर मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी नव्वदीकडे वाटचाल सुरू केली आहे, कान थोडे गेलेत, बाकी ठणठणीत. मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी प्रस्ताव कधी केला नाहीत?" ते म्हणाले, "एकदा साहेब म्हणाले होते, फाइल करा. उपक्रमांचे फोटो लावा, कात्रणं लावा. आता मला सांग, पोरगं अडखळत अडखळत वाचायला लागतं, त्याचा फोटो कसा काढायचा?"

मी गप्प बसलो. कारण मला त्या क्षणी एक हवालदार आठवला.

नव्वदच्या दशकात मी कंपनी कमांडर होतो. बर्फातली उंचावरची चौकी. खालच्या तळाशी जोडणारी टेलिफोनची तार एका हवालदाराकडे होती. बर्फाने तार तुटायची, तो दोन जवान घेऊन जायचा, जोडून यायचा. अख्खा हिवाळा आमचा फोन एक दिवसही पूर्ण बंद राहिला नाही. मोसम संपल्यावर प्रशस्तिपत्रासाठी नावं पाठवायची वेळ आली. मी तीन नावं पाठवली. त्याचं पाठवलं नाही. माझ्या मनात आलं, "ते तर त्याचं कामच आहे. आणि तसं काही घडलंही नाही." काही घडलं नाही, ते त्याच्यामुळेच घडलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तो तक्रार न करता निवृत्त झाला. ती चूक माझी आहे आणि ती आता दुरुस्त होणार नाही.

प्राथमिक शिक्षकाचं काम नेमकं त्या तारेसारखं असतं. मूल वाचायला लागलं, तर ते सगळ्यांना साहजिक वाटतं. शाळा सोडून गेलं नाही, तर त्याची बातमी होत नाही. दहावीला नंबर आला की हायस्कूलचा सत्कार होतो, नोकरी लागली की कॉलेजचं नाव निघतं. पहिलीच्या वर्गातल्या बाईंपर्यंत कुणी मागे जात नाही. आणि आपण म्हणतो, "ते तर त्यांचं कामच आहे. पगार मिळतो ना?" मीही हवालदाराबद्दल हेच म्हटलं होतं.

म्हणून मी घरी आलो आणि टेबलाशी बसून गुरुजींचं सायटेशन लिहिलं. फौजेच्या पद्धतीने, विशेषणं न लावता. त्यातला एक भाग वाचतो.

"१९७२ चा दुष्काळ. गावातली निम्म्याहून जास्त कुटुंबं खडी फोडायच्या कामावर गेली. मोठी मुलं आईबापांबरोबर आणि धाकट्यांना सांभाळायला त्यांच्याच बरोबर. शाळेचा पट रिकामा झाला. गुरुजी दिवसा शाळा भरवून संध्याकाळी सायकलने खडीच्या कामावर जात. दगडांच्या ढिगाशेजारी पाट्या घेऊन मुलांना तासभर बसवत. हे त्यांनी काम सुरू असेपर्यंत केलं. तसा आदेश कुणी दिला नव्हता. पाऊस झाल्यावर शाळा पुन्हा भरली, तेव्हा पटावरचं प्रत्येक मूल परत आलं होतं."

हे मला माझ्या धाकट्या बहिणीने सांगितलं. ती तेव्हा तिसरीत होती आणि त्या ढिगाशेजारी बसून भागाकार शिकली. पुढे ती परिचारिका झाली. तो कागद लिहायला मला पन्नास वर्षं लागली आणि लिहायला प्रत्यक्षात लागला एक तास.

आता तुम्हाला काय करता येईल ते सांगतो. तुमचं मूल किंवा नातवंड ज्या शाळेत जातं, तिथले एक शिक्षक निवडा. एका पानावर लिहा. कधी, कुठे, काय केलं, त्याने मुलात काय फरक पडला. "आदर्श", "तळमळीचे", "विद्यार्थीप्रिय" हे शब्द टाळा, कारण ते कुणालाही लागू पडतात. "माझी मुलगी बोलताना अडखळायची, बाईंनी तिला रोज परिपाठात एक ओळ वाचायला दिली," असं लिहा. त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या, एक शिक्षण विभागाला आणि एक स्वतः त्या शिक्षकांच्या हातात. सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे तुम्हीच. त्या बैठकीत गळक्या छपराबद्दल जरूर बोला, पण पाच मिनिटं हा कागदही वाचा. पुरस्कार मिळेल न मिळेल. पण त्या शिक्षकाला कळेल की कुणीतरी पाहत होतं.

शेवटचं. मी लिहिलेला कागद गुरुजींकडे घेऊन गेलो आणि मोठ्याने वाचला. त्यांनी तो हातात घेतला, चष्मा लावला, पुन्हा सगळा वाचला. मग खिशातलं पेन काढून एका शब्दाखाली रेघ मारली. म्हणाले, "तिकीट. की दीर्घ. चौथीत सांगितलं होतं." मग कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला. पेन मात्र बराच वेळ हातातच होतं.

त्या हवालदाराला मी असा कागद देऊ शकलो नाही. तुमच्या यादीतलं नाव अजून वेळेत असेल, तर आजच लिहायला बसा.

जय हिंद.