ढोकरीचा रंग आणि शिळाछाप

ठाण्याच्या खाडीकाठी आणि कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या भातखाचरांत हमखास दिसणाऱ्या ढोकरीला, म्हणजेच वंचक बगळ्याला, शास्त्रीय नाव मिळाले १८३२ साली. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या पाहणीनंतर केलेली पक्ष्यांची यादी त्या वर्षी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने छापली. यादी नुसती शब्दांत होती, चित्रांविना. ज्यांच्या सन्मानार्थ ढोकरीचे नाव ठेवले गेले, ते जॉन एडवर्ड ग्रे मात्र त्याच सुमारास चित्रग्रंथ सिद्ध करत होते. जनरल हार्डविक यांनी हिंदी चित्रकारांकडून काढून घेतलेल्या चित्रांवरून १८३० ते १८३५ या काळात तो निघाला. त्यात २०२ चित्रे आहेत, सारी हाताने रंगवलेली.

छापखान्यातून चित्र बाहेर पडे ते एकरंगीच. जुनी पद्धत ताम्रपटाची: तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा कोरायच्या, खाचांत शाई भरायची आणि ओलसर कागद दाबून ठसा घ्यायचा. पुढे शिळाछाप आला. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने थेट रेखाटता येऊ लागले आणि पिसांचा मऊपणा त्यात अधिक उतरला.

रंग मात्र प्रत्येक प्रतीवर माणसाने भरायचा. समोर एक रंगीत नमुनाप्रत ठेवलेली असे. तिच्याबरहुकूम जलरंगाचे पातळ हात एकावर एक चढत, आणि डोळ्याला चमक यावी म्हणून शेवटी बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक लावत. या कामात स्त्रिया आणि मुलेही असत. चित्रकाराचे नाव पानावर छापले जाई, रंगवणाऱ्यांचे क्वचितच; ग्रंथाचे सौंदर्य निम्मे तरी त्यांच्याच हातचे आहे.

उणीव होती ती मुळातच. लंडनच्या चित्रकारापुढे बहुधा वाळवलेली कातडी असे. पिसांचा रंग टिकतो. चोच, पाय आणि डोळ्यांभोवतालची उघडी त्वचा यांचा मरणानंतर लवकर उतरतो. विणीच्या दिवसांत ढोकरीची पाठ गडद तांबूस होते, पाय काही काळ लाल दिसतात. कातडीवरून हा लाल रंग कळणार कसा? जिवंत पक्षी पाहणाऱ्याची टिपणे सोबत असली, तरच चित्र खरे उतरे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत शिळाछाप आला आणि हाताचे रंगकाम मागे पडत गेले. ह्यूम आणि मार्शल या पक्षी-अभ्यासकांचा शिकारीच्या पक्ष्यांवरील तीन खंडांचा ग्रंथ, १८७९ ते १८८१, याच नव्या पद्धतीने छापला गेला. त्यातील कित्येक चित्रांच्या रंगांविषयी ह्यूम यांनी त्या ग्रंथातच नापसंती नोंदवली आहे.