डिस्कांची विचारपूस

ज्या यंत्राचा बिघाड लागलीच जाणवतो, त्याच्याविषयीं मनुष्यास फार काळ निष्काळजी राहतां येत नाहीं. घरांतील दिवा गेला कीं अंधार होतो, नळ बंद झाला कीं घागर रिकामी राहते, आणि सर्वांचें लक्ष आपोआप तिकडे वळतें. परंतु कांहीं यंत्रें अशीं असतात कीं, त्यांचा एखादा अवयव निकामी झाला तरी त्यांचें काम पूर्ववत् चालूच राहतें. बाहेरून पाहणारास कांहींच उणें दिसत नाहीं. अशा यंत्रांची रचना अधिक शहाणपणाची असते हें खरें. पण त्यांची निगा राखणें अधिक कठीण असतें, हेंहि तितकेंच खरें. बँकेंतील खातें, रुग्णालयांतील कागदपत्रें, आगगाडीचें आरक्षण, जमिनीच्या सातबाराचा उतारा, हें सारें आज ज्या सर्व्हरांत सांठविलेलें असतें, त्यांतील डिस्कांची व्यवस्था या दुसऱ्या जातीची आहे. ती कशी चालते आणि कशी राखावी लागते, हें जाणून घेणें म्हणूनच उपयोगाचें होईल.

डिस्क म्हणजे माहिती टिपून ठेवणारी तबकडी. अशा तबकड्यांचें बाजारांत आलेलें पहिलें यंत्र अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं तयार केलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहातावर राहील एवढ्या एका डिस्कमध्यें १६ टेराबाइट, म्हणजे सुमारें १६ लक्ष कोटी अक्षरें सांठवितां येतात. परंतु अशी डिस्क झाली तरी ती मिनिटास हजारों फेरे घेणारी एक फिरती वस्तु आहे. जें फिरतें तें झिजतें, आणि जें झिजतें तें एक दिवस थांबतें. ज्या नव्या डिस्कांत फिरणारा भागच नसतो, त्यांच्याहि कणांना लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. डिस्क केव्हांतरी जाणारच, हें गृहीत धरूनच पुढची सर्व योजना करावी लागते.

या प्रश्नावर जो उपाय सांपडला त्याचा उगम काटकसरीच्या विचारांत आहे. १९८८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळीं मोठ्या संगणकांस अवाढव्य व महागड्या डिस्का जोडीत. त्यांच्याऐवजीं घरगुती संगणकांत वापरतात तशा पुष्कळशा लहान व स्वस्त डिस्का एकत्र जोडल्यास काम अधिक वेगानें होईल, असें या तिघांनीं सुचविलें. मात्र त्यांतील अडचणहि त्यांनींच हिशेब करून दाखविली. एका डिस्कचें सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलें, तर १०० डिस्कांच्या समूहांत सरासरीनें दर ३०० तासांस, म्हणजे दोन आठवडे पुरे होण्याच्या आंत, एक डिस्क निकामी व्हावयाची. माणसें वाढलीं कीं घरांत आजारपणहि वाढतें, त्यांतलाच हा प्रकार. तेव्हां समूहांत कांहीं जादा डिस्का ठेवून, एकीचें काम इतरांनीं भरून काढावें अशी योजना त्यांनीं मांडली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘रेड’ हा शब्द रूढ झाला.

रेडचे अनेक प्रकार आहेत, आणि त्यांस क्रमांकांनीं ओळखतात. ‘रेड १’ मध्यें एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवतात. ‘रेड ५’ ची युक्ति अधिक चतुर आहे, आणि घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या कोणासहि ती चटकन् समजेल. वहींत दूध ४० रुपये, भाजी ३० रुपये, किराणा ९० रुपये आणि खालीं बेरीज १६० रुपये असें लिहिलें आहे. तेलाचा डाग पडून भाजीचा आंकडा पुसला गेला. तरीहि १६० मधून १३० वजा करतांच ३० हा आंकडा हातीं येतो. डिस्कवर शून्य आणि एक एवढींच चिन्हें असल्यामुळें बेरजेच्या जागीं तेथें एकांची संख्या सम आहे कीं विषम, एवढीच नोंद ठेवतात, आणि ती नोंद सर्व डिस्कांवर आळीपाळीनें वांटून देतात. कोणतीहि एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यांतील मजकूर पुनः काढतां येतो. मात्र वहींतील दोन आंकडे पुसले गेले तर नुसत्या बेरजेवरून त्यांतील एकहि सांपडत नाहीं, तसेंच येथेंहि होतें. म्हणून ‘रेड ६’ मध्यें निराळ्या रीतीनें काढलेली दुसरी एक नोंद ठेवून दोन डिस्कांच्या अपमृत्यूची सोय केलेली असते. ‘रेड ०’ या प्रकारांत मात्र मजकूर केवळ वांटला जातो; तेथें वेग आहे, पण संरक्षण मुळींच नाहीं.

हे सर्व हिशेब करण्यासाठीं पुष्कळ सर्व्हरांत एक स्वतंत्र कार्ड बसविलेलें असतें. त्यास रेड कंट्रोलर म्हणतात. आठ डिस्का जोडलेल्या असल्या तरी कंट्रोलर सर्व्हरापुढें एकच मोठी डिस्क उभी करतो. एकत्र कुटुंबाचा कर्ता जसा घरांतील ओढाताण बाहेरच्यांस कळूं देत नाहीं, तसा हा एखादी डिस्क निकामी झाली तरी तिच्या वांटणीचा मजकूर हिशेबानें काढून देतो. बँकेंतील गिऱ्हाइकास कांहीं जाणवत नाहीं, आणि कित्येकदां बँकेलाहि जाणवत नाहीं. कार्डावर धोक्याचा भोंगा असतो खरा. परंतु सर्व्हरांच्या खोलींत पंख्यांची घरघर इतकी मोठी असते, आणि माणसांची ये-जा इतकी थोडी, कीं तो पुष्कळदां कोणाच्या कानीं पडत नाहीं. अशा स्थितींत आठवडे लोटले आणि दुसरी डिस्क गेली, तर ‘रेड ५’ चा सारा समूह एका क्षणांत कोसळतो. तेव्हां लोक म्हणतात, एकाएकीं घात झाला. वस्तुतः घाताची पहिली पायरी केव्हांच ओलांडलेली असते. तिची विचारपूस मात्र कोणीं केलेली नसते.

ही विचारपूस करण्याचें साधन म्हणजे कमांड लाइन, अर्थात् आज्ञेची ओळ. पडद्यावर चित्रें व बटणें न दाखवितां, टंकलिखित ओळीनें आज्ञा द्यावयाची आणि ओळींनींच उत्तर घ्यावयाचें, अशी ही जुनी पद्धत आहे. ती टिकून राहिली याला सबळ कारणें आहेत. सर्व्हर बहुधा दूरच्या शहरांत असतो, त्याला पडदा जोडलेला नसतो, आणि तो सुरू होतांना जी निवडयादी दिसते ती पाहण्यासाठीं चालतें काम थांबवावें लागतें. आज्ञेची ओळ मात्र हजार कोसांवरून आणि काम चालू असतांना धाडतां येते. शिवाय तीच आज्ञा एका फाइलींत लिहून ठेवली म्हणजे सर्व्हर ती दर तासास आपण होऊन चालवितो, आणि उत्तरांत कांहीं वावगें आढळल्यास संबंधितांस पत्र धाडतो. रात्रीं दोन वाजतां न कंटाळतां तोच प्रश्न पुनः विचारील असा गस्तवाला यापेक्षां स्वस्त मिळणार नाहीं.

निरनिराळ्या कारखान्यांच्या कार्डांसाठीं निरनिराळे आज्ञाकार्यक्रम आहेत. मेगारेड या नांवाच्या कार्डांसाठीं पूर्वीं मेगासीएलआय हा कार्यक्रम वापरीत. त्याच्या जागीं पुढें स्टोअरसीएलआय आला. डेल कंपनीच्या कार्डांसाठीं पर्कसीएलआय, तर अ‍ॅडॅप्टेकच्या कार्डांसाठीं आर्ककॉन्फ असतो. स्टोअरसीएलआयची भाषा विशेष सुबोध आहे. टपालाच्या पत्त्यांत जिल्हा, तालुका आणि गांव लिहावें, त्याप्रमाणें प्रथम कंट्रोलरचा क्रमांक, मग पेटीचा, मग खणाचा, आणि शेवटीं क्रियापद. त्या क्रियापदांत सर्वांत महत्त्वाचें क्रियापद ‘शो’, म्हणजे ‘दाखीव’, हें होय. त्याच्या उत्तरांत एक कोष्टक येतें. समूहापुढें ‘ऑप्टिमल’ या शब्दाचें संक्षिप्त रूप असलें तर सर्व ठीक; ‘डिग्रेडेड’ चें असलें तर एक अवयव गळाला आहे असें समजावें. ‘दाखीव’ म्हटल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून जाणता कारागीर इतर कोणतीहि आज्ञा देण्यापूर्वीं हीच आज्ञा देतो, आणि दिल्यानंतरहि पुनः हीच देतो.

निकामी डिस्क बदलण्याचा प्रसंग विशेष जोखमीचा असतो. समूहांत एकच डिस्क गेली असतांना चुकून शेजारची चांगली डिस्क खेंचली, तर जें संकट टाळावयाचें तेंच आपल्या हातानें ओढवून घेतल्यासारखें होतें. ही चूक वाटते तितकी दुर्मिळ नाहीं. बहुतेक यंत्रांत खणांची मोजणी शून्यापासून होते. म्हणून ‘खण २’ म्हणजे डावीकडून दुसरा नव्हे, तर तिसरा. यावर दोन उपाय आहेत. पहिला, डिस्कवर छापलेला कारखान्याचा अनुक्रमांक आज्ञेनें विचारून लिहून घेणें. दुसरा, ‘लोकेट’ ही आज्ञा देणें. तिच्या योगानें नेमक्या त्याच खणाचा दिवा लुकलुकूं लागतो, आणि सर्व्हरापाशीं उभ्या असलेल्या माणसास खूण पटते. मग ती डिस्क, आधींच बाद झालेली नसल्यास, कामांतून मुक्त झाल्याची आज्ञा द्यावी, आणि त्यानंतरच तिला हात लावावा.

नवी डिस्क बसविली कीं कंट्रोलर उरलेल्या डिस्का वाचून तिच्यावर हरवलेला मजकूर पुनः लिहूं लागतो. यास रीबिल्ड, म्हणजे पुनर्बांधणी, म्हणतात. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदास २०० मेगाबाइट या वेगानें अखंड लिहिली, तरी ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून अधिक वेळ लागतो. आणि सर्व्हराचें नेहमींचें काम चालूच असल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहून पुष्कळ अधिक. या अवधींत उरलेल्या डिस्का शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. त्या बहुधा एकाच दिवशीं खरेदी केलेल्या, एकाच वयाच्या, सारख्याच थकलेल्या असतात. घरगुती वापराच्या पुष्कळ डिस्कांबाबत कारखानदार स्वतःच असें नमूद करतात कीं, सुमारें १२.५ टेराबाइट मजकूर वाचतांना एखादें स्थळ वाचलें न जाण्याचा संभव असतो. मोठ्या डिस्कांच्या या काळांत ‘रेड ५’ वर विसंबूं नये, ‘रेड ६’ घ्यावें, असें जाणकार सांगतात तें याचमुळें. शिवाय एखादी राखीव डिस्क आधींच बसवून ठेवली, तर पुनर्बांधणी माणसाची वाट न पाहतां सुरू होते. फुरसतीच्या वेळीं सर्व डिस्का वाचून दुबळीं स्थळें हुडकणारी ‘पॅट्रोल रीड’ नांवाची गस्तहि कंट्रोलर घालतो. ती चालू आहे कीं नाहीं हें मात्र त्यास विचारलें पाहिजे.

एवढी सर्व काळजी घेतली तरी एका शत्रूपुढें रेडचें कांहीं चालत नाहीं, आणि तो म्हणजे मनुष्याचा हात. चुकीनें फाइल पुसली तर ती सर्व डिस्कांवरून एकाच निष्ठेनें पुसली जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या संस्थेंत असा प्रसंग घडला. रात्रीं उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्यानें दुय्यम सर्व्हरावर द्यावयाची पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरावर दिली. चूक क्षणांत लक्षांत आली. पण तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटपैकीं ४.५ गिगाबाइट एवढाच मजकूर उरला होता. मग राखीव नकला शोधूं लागतां असें आढळलें कीं, नेहमींची नक्कल होतच नव्हती, आणि ती होत नसल्याचीं सूचनापत्रें मध्येंच नाकारलीं जात होतीं. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वींची एक प्रत दुसऱ्याच कामासाठीं घेतलेली होती. तिच्यावरून काम सांवरलें, पण मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या. संस्थेनें ही सारी हकीकत मोकळेपणानें प्रसिद्ध केली, हें तिला भूषणावह आहे. तेथें यंत्र मोडलें नव्हतें. रक्षणाची व्यवस्था आंतल्या आंत बंद पडली होती, आणि ती चालू आहे काय, असें कोणीं विचारलें नव्हतें.

पुष्कळ सुशिक्षित मंडळी आज एखाद्या पतपेढीच्या, ग्रंथालयाच्या, शाळेच्या वा रुग्णालयाच्या कार्यकारी मंडळावर असतात. संगणकाचें काम तज्ज्ञांचें, असें म्हणून त्यांनीं स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. आज्ञा देणें हें तज्ज्ञाचें काम. पण डिस्कांची स्थिति शेवटीं केव्हां पाहिली, बिघाडाची सूचना कोणास जाते आणि ती पोंचते काय, राखीव डिस्क आहे काय, आणि निराळ्या जागीं ठेवलेल्या नकलेंतून एखादी फाइल गेल्या महिन्यांत परत काढून पाहिली काय, हे चार प्रश्न कोणासहि विचारतां येतील. पुढच्या सभेच्या कामकाजांत त्यांना जागा दिली, तर दहा मिनिटांहून अधिक वेळ जाणार नाहीं. उत्तरें समाधानकारक असलीं तर उत्तमच. नसलीं, तर तीं समूह कोसळण्यापूर्वीं कळलेलीं बरीं.