तबकडीवर न छापलेली नावे



ज्यांच्या घरी जुन्या ध्वनिमुद्रिका आहेत, त्यांना एक सवय असते. तबकडी यंत्रावर ठेवण्यापूर्वी तिच्या मध्यभागी चिकटविलेला गोल कागद ते डोळ्यांजवळ नेऊन वाचतात. गीत कोणते, गाणारा कोण, रचना कोणाची, हे त्या कागदावर छापलेले असते. आणि एकदा छापले गेले, की ते खरेच असणार असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचे जे जुने चाहते आहेत, त्यांना तर अशा कित्येक तबकड्यांच्या सनावळ्या मुखोद्गत असतात. आज मला त्यांच्याशी, आणि ज्यांनी हे संगीत कधी ऐकले नाही त्यांच्याशीही, त्या गोल कागदाविषयीच बोलावयाचे आहे. त्यावर जी नावे यावयास हवी होती आणि आली नाहीत, त्यांची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात अॅपलाचिया नावाची पर्वतराजी आहे. अठराव्या शतकात तेथे येऊन राहिलेल्या इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश कुटुंबांनी आपल्याबरोबर जुनी कथागीते आणली आणि फिडल आणले. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाजविण्याची तऱ्हा तेवढी निराळी. बँजो मात्र युरोपातून आला नाही. भोपळ्यावर कातडे मढवून आणि दांडी बसवून केलेल्या आफ्रिकी वाद्यांचा तो वंशज. आणि अमेरिकेत तो आला, तो गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसांबरोबर. ज्या दिवशी फिडल आणि बँजो यांची जोडी जमली, त्या दिवशी या संगीताचा पाया घातला गेला, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. पुढे दक्षिणेत गोऱ्यांची शाळा निराळी, काळ्यांची निराळी. देवालये निराळी, दफनभूमीही निराळी. सूर तेवढे कुंपण ओलांडून ये-जा करीत राहिले.

या सुरांना बाजार मिळाला तो १९२३ च्या जूनमध्ये. ‘ओके’ कंपनीचे राल्फ पीअर अटलांटा शहरी ध्वनिमुद्रणासाठी आले होते. तेथील एका फर्निचरच्या व्यापाऱ्याने फिडलिन जॉन कार्सन नावाच्या वयस्क वादकाला त्यांच्यापुढे उभे केले. फोनोग्राफ त्या काळी फर्निचरच्या दुकानांतून विकले जात, आणि यंत्र खपावयाचे तर लोकांच्या आवडीच्या तबकड्याही हव्यात, असा त्या व्यापाऱ्याचा हिशेब होता. पीअर यांना कार्सनचे गाणे मुळीच रुचले नाही. परंतु व्यापाऱ्याने मागविलेल्या ५०० प्रती हातोहात खपल्या, तेव्हा पीअर यांनी आपली अभिरुची गुंडाळून ठेवली आणि कागद-पेन्सिल हाती घेतली.

येथेच कंपन्यांनी एक गोष्ट केली, जिचे परिणाम दूरवर पोहोचले. त्यांनी सूचिपत्रेच दोन छापली. काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या सदराखाली, आणि गोऱ्या खेडुतांच्या ‘जुनी गाणी’ किंवा ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरातला गावंढळ, या सदराखाली. एकाच गावात एकमेकांपासून शिकलेले दोन वादक कागदावर असे विभक्त झाले. पुढे १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने एका सदराला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि दुसऱ्याला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ ही अधिक सभ्य नावे दिली. नावे सुधारली, भिंत जागेवरच राहिली.

कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून चाहते ज्याचे नाव घेतात, ते ब्रिस्टल गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. गावच्या हमरस्त्याच्या मधोमध सीमारेषा जाते. एका बाजूची दुकाने एका राज्यात, समोरची दुसऱ्या राज्यात. आपल्याकडील सीमाभागात राहणाऱ्या श्रोत्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. १९२७ च्या २५ जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत पीअर यांनी, आता ‘व्हिक्टर’ कंपनीच्या वतीने, तेथे टोप्यांच्या एका जुन्या गोदामात ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडली. आरंभी गर्दी बेताची होती. परंतु अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला मागील वर्षी तबकड्यांपासून ३,६०० डॉलर मिळाले, असे स्थानिक वृत्तपत्रात छापून आले मात्र, आणि डोंगरातून माणसांची रीघ लागली. त्या बारा दिवसांत १९ गायक-वादकांची वा संचांची ७६ गीते मुद्रित झाली.

या गर्दीत ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि साराची नात्यातली बहीण मेबेल असे तिघे होते. मेबेल अवघी १८ वर्षांची आणि गर्भवती होती. गिटारच्या जाड तारांवर अंगठ्याने ती गाण्याची चाल काढी आणि उरलेल्या तारांवर बोटांनी ठेका धरी. पुढील काळात गिटार हाती घेणाऱ्या हजारो मुलांनी ही पद्धत गिरविली. गीतामागे ५० डॉलर घेऊन कार्टर कुटुंब सहा गीते देऊन घरी परतले.

आता पीअर यांच्या व्यवहाराकडे पाहा. व्हिक्टर कंपनीकडून त्यांनी पगार मागितला नाही. गीतांच्या प्रकाशनाचे हक्क मागून घेतले. त्यामुळे ज्या गीताचा हक्क दुसऱ्या कोणाकडे नाही, अशीच गीते त्यांना हवी असत. कार्टरांना अशी गीते सतत पुरविणे भाग होते, आणि म्हणून ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून गाणी गोळा करीत हिंडू लागले. या भ्रमंतीत त्यांच्याबरोबर असे लेझ्ली रिडल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्याचा एक पाय गेला होता. तो उत्तम गिटारवादक होता. परंतु त्याहून मोलाची होती त्याची स्मरणशक्ती. एखाद्या घराच्या ओसरीवर कोणी म्हातारी गाऊ लागली, की शब्द कार्टर लिहून घेत आणि चाल रिडल मनात साठवून आणी. घरी परतल्यावर तो ती गाऊन दाखवी आणि दोघी बहिणी शिकून घेत. काही गीते तर त्याच्या स्वतःच्याच गळ्यातली. तबकडीवर नाव मात्र छापले जाई ए. पी. कार्टर यांचे.

कार्टर यांना चोर ठरविण्याचा माझा हेतू नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. विस्मरण काही एका वर्णाच्याच वाट्याला येत नाही. कार्टर कुटुंबाचे सर्वांत गाजलेले ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे गीत १८६० मध्ये रीतसर छापले गेले होते. पुढे तोंडोतोंडी त्याचे शब्द झिजले, कर्त्याचे नाव गळाले आणि ते डोंगराचे गाणे होऊन बसले. लोकगीताची रीतच अशी, की ते सर्वांचे असते. अडचण येते ती बाजारात. जे सर्वांचे आहे त्यावर कोणातरी एकाचेच नाव घालावे असा कायद्याचा आग्रह. आणि ते नाव कोणाचे असावयाचे, हे त्या काळच्या दक्षिणेत आधीच ठरलेले असे.

ब्रिस्टलचे दुसरे रत्न म्हणजे जिमी रॉजर्स. रेल्वेत ब्रेकमनचे काम केलेला, क्षयाने ग्रासलेला हा तरुण ४ ऑगस्टला तेथे गायला. रेल्वेच्या काळ्या मजुरांच्या सहवासात ब्लूज त्याच्या कानी पडले होते. त्याला त्याने आपल्या योडेलची, म्हणजे गळा एकदम वरच्या पट्टीत फेकण्याच्या लकबीची, जोड दिली. या ‘ब्लू योडेल’ गीतांची पुढे मालिकाच झाली. तिच्यातील नववे गीत जुलै १९३० मध्ये हॉलिवुडला मुद्रित झाले. त्यात ट्रम्पेट वाजविला आहे साक्षात लुई आर्मस्ट्राँग याने, आणि पियानो त्याची पत्नी लिल हिने. जाझच्या इतिहासातील एवढे मोठे नाव. पण तबकडीवरील गोल कागद त्याविषयी मौन पाळून आहे. रॉजर्स १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला शेवटचे गायला, तेव्हा दोन गीतांच्या मध्ये विश्रांतीसाठी त्याच्याकरिता खाट टाकलेली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी, २६ मे रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी त्याचा अंत झाला.

तबकडीबरोबरच या संगीताला घरोघर नेले ते नभोवाणीने. नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम केंद्र १९२५ मध्ये एका विमा कंपनीने काढले. त्याच्या शनिवार रात्रीच्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव कसे पडले, ती कथा चाहत्यांना ठाऊकच असेल. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री या कार्यक्रमाच्या आधी अभिजात संगीताचे ध्वनिक्षेपण झाले होते. निवेदक जॉर्ज हे यांनी थट्टेने म्हटले, की आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकला. आता ऐका ग्रँड ओल ऑप्री. नाव रूढ झाले. पण त्या रात्री निवेदकामागोमाग वाजविले कोणी, हे कितीजणांच्या लक्षात आहे? तो होता डीफोर्ड बेली. बालपणी पोलिओने वाढ खुंटलेला, ठेंगणा, कृष्णवर्णीय. त्याचा आजा गुलामगिरीतला फिडलवादक. एवढ्याशा माउथ ऑर्गनमधून तो आगगाडी उभी करी. फलाटावरून सुटणारी, वेग घेणारी आणि शिटी देत दूर जाणारी गाडी ऐकणाऱ्याला दिसू लागे.

नभोवाणीला वर्ण दिसत नाही. शनिवारी रात्री बेली लक्षावधी घरांचा लाडका असे. दौऱ्यावर निघाला, की ज्या हॉटेलात त्याचे सहकारी उतरत तेथे त्याला थारा नसे. सहवादक अंकल डेव्ह मेकन त्याला आपला नोकर म्हणून सांगून खोलीत घेत, अशी आख्यायिका आहे. १९४१ मध्ये गीतांच्या हक्कांवरून नभोवाणी केंद्रे आणि रचनाकारांची संस्था यांच्यात तंटा झाला. बेलीची गाजलेली गीते वाजविण्यास बंदी आली, आणि त्या गडबडीत त्यालाच काढून टाकण्यात आले. पुढे जॉर्ज हे यांनी आपल्या पुस्तकात त्याच्यावर आळशीपणाचा ठपका ठेवला. ऑप्रीला ज्याच्या वादनावरून नाव मिळाले, त्या माणसाने पुढे नॅशव्हिलमध्येच जोड्यांना पॉलिश करण्याचे दुकान चालवून चरितार्थ केला. तो १९८२ मध्ये वारला. कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरात १९६१ पासून नावे कोरली जात आहेत. तेथे बेलीचे नाव लागले ते २००५ मध्ये.

१९६६ मध्ये चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या पहिल्या तबकड्या नभोवाणी केंद्रांकडे गेल्या. नाव त्यांवर स्वच्छ छापलेले होते. पण रिवाजाप्रमाणे छायाचित्र सोबत धाडलेले नव्हते. आधी गळा आवडू द्यावा, चेहरा मागाहून दाखवावा, असा तो हिशेब. आणि खरोखरच गळा आवडला. १९७१ मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून गौरविले.

या सर्व कथांत एक अपवाद मला फार मोलाचा वाटतो. हँक विल्यम्स, ज्याचा १९५३ च्या पहिल्या दिवशी मोटारीच्या मागच्या आसनावर वयाच्या २९ व्या वर्षी मृत्यू झाला, तो अलाबामातील एका गरीब घरचा मुलगा. गिटार त्याने रस्त्यावर गाणाऱ्या रूफस पेन या कृष्णवर्णीय गायकाकडून उचलली. लोक पेनला ‘टी-टॉट’ म्हणत. हँक कीर्तीच्या शिखरावर असताना, ज्या दक्षिणेत असे बोलणे कोणाला गोड लागणारे नव्हते त्याच दक्षिणेत, संगीताचे जे काही शिक्षण झाले ते टी-टॉटकडेच, असे त्याने उघड सांगितले. पेन १९३९ मध्येच मंगमरीत दारिद्र्यात वारला होता. त्याची कबर नेमकी कोणती हे कोणालाच ठाऊक नाही. दफनभूमीच्या दाराशी पुढे एक स्मारकशिला तेवढी उभारली गेली. आज त्याचे नाव आपण घेतो, ते शिष्याने घेतले होते म्हणून.

आपल्या परंपरेत याची सोय थोर पुरुषांनी आधीच करून ठेवली आहे. नामदेव, जनाबाई, तुकोबा हे आपले नाव शेवटच्या चरणात असे ओवून ठेवीत, की अभंग गावयाचा तर नाव घ्यावेच लागते. कलकत्त्यास १९०२ मध्ये पहिली ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा गोहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे. तबकड्या जर्मनीत तयार होत, आणि तेथील कारागिरांना कागदावर नाव कोणाचे छापावे हे कळावे, म्हणून ही योजना होती. लेझ्ली रिडलला अशी संधी कोणी दिली नाही. परंतु अखेर त्याचेही नाव कोणीतरी उच्चारले. मेबेल कार्टर यांनी आपल्या वादनाविषयी बोलताना त्याची आठवण सांगितली, आणि त्या धाग्यावरून १९६५ मध्ये माइक सीगर हे संग्राहक रॉचेस्टर शहरी त्याच्या दारी पोहोचले. रिडलने गिटार वाजविणे बहुतेक सोडून दिले होते. सीगर यांनी त्याला पुन्हा वाजविण्यास प्रवृत्त केले, आणि इतकी वर्षे दुसऱ्यांच्या गळ्यातून जगाने ऐकलेल्या चाली प्रथमच त्याच्या स्वतःच्या नावावर मुद्रित झाल्या.

चाहत्याचे ज्ञान म्हणजे निव्वळ सनावळ्यांचे पाठांतर, अशी थट्टा पुष्कळदा होते. मला ती मान्य नाही. कागदावर जे छापले गेले नाही ते सांगण्याचे काम ज्यांना गाणे प्रिय आहे त्यांनीच करावयाचे असते. आणि ते करण्यास, हँकप्रमाणे, एक वाक्य पुरते. कार्टरांची तबकडी लावाल तेव्हा शेजारी बसलेल्याला रिडलचे नाव सांगा. ‘ब्लू योडेल’चे नववे गीत लावाल तेव्हा तो ट्रम्पेट कोणाचा तेही सांगा.