पिशवी भरण्याआधी

(मुकुंदवाडी येथील नाताळपूर्व स्नेहमेळाव्यात वसतिगृहाच्या एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



समोर पिशव्यांची रांग लागली आहे. ब्लँकेट, साबण, करंज्या, चिवडा. दोन दिवसांत मुले त्या घेऊन गावी निघतील. 2008 साली अशीच एक पिशवी मला मिळाली होती. तिची हकिकत सांगतो.

मी नवापूर तालुक्यातला मावची. दहावीनंतर आयटीआयसाठी इथे आलो आणि मुकुंदवाडीतच राहिलो. नाताळची सुट्टी लागली. मिळालेल्या पिशवीत मी आईसाठी बांगड्या आणि धाकट्या बहिणीसाठी कंपासपेटी घातली. एसटीने धुळे, मग साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर. पुढे पायी. पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. आमच्या दाराला कुलूप होते. अंगणात कोंबडी नाही, चुलीचा धूर नाही.

शेजारची आजी म्हणाली, "पोरा, दिवाळी झाली तशी टोळी गेली बारडोलीकडे, ऊस तोडायला. तुला शहरात धाडायचं म्हणून तुझ्या बाने उचल घेतली ना!"

हे मला कोणी सांगितले नव्हते. घरी फोन नव्हता आणि पत्र लिहिणारा घरात मीच एकटा. त्या रात्री आजीने मला तांदळाची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली, पण घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी नवापूरहून रेल्वे धरली. सोनगढ, व्यारा, बारडोली. विचारत विचारत संध्याकाळी पडावावर पोचलो. बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाच्या खोप्या. आई-बा फडातून परतले नव्हते. नऊ वर्षांची बहीण मावशीचे तान्हे मूल कडेवर घेऊन उभी होती. पिशवीत काय आहे, हे तिने विचारले नाही. तिने विचारले, "दादा, तूपण तोडायला आलास?"

चोवीस तारखेला आईने उसाचे वाढे विकून कोंबडी आणली. टोळीत आमच्या पाड्यांची चार ख्रिस्ती घरे होती. पाचट पेटवून सगळे भोवती बसलो, प्रार्थना केली, आमच्या बोलीत गाणी म्हटली. फराळाचा पुडा सर्वांत वाटला. एकेकाला अर्धी करंजी आली. मध्यरात्री ऊस न्यायला गाडी आली, तेव्हा माणसे उठून मोळ्या चढवायला गेली. नाताळच्या सकाळी मीही फडात होतो, मोळ्या बांधत. हात सोलून निघाले, तेव्हा माझ्या शिक्षणाचे पैसे कशातून आले ते समजले.

निघताना बहिणीने कंपासपेटी परत माझ्या हातात दिली. "इथे शाळा नाही. तूच ठेव." आई लगेच म्हणाली, "तिकडे मुलींना ठेवून घेतात का रे?"

पुढच्या जूनमध्ये तिला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. पण बुडालेल्या वर्षामुळे चौथीत पुन्हा बसावे लागले.

म्हणून आपल्याला तीन विनंत्या करतो.

पहिली : सुट्टी देण्याआधी प्रत्येक मुलाला विचारा, या महिन्यात तुझे आई-बाप कुठे आहेत? गावी की फडावर? घर लांब गेले असेल, तर पिशवीसोबत वाटखर्चही द्या आणि बरोबर कोणी मोठे माणूस जाईल असे पाहा.

दुसरी : ज्यांना जाणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी सुट्टीतही वसतिगृहाची चूल चालू ठेवा.

तिसरी : प्रवेश जूनमध्ये होतात, टोळ्या मात्र दिवाळीच्या सुमारास निघतात. लहान भावंडांसाठी त्या वेळेपर्यंत चार जागा राखून ठेवा. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शाळा शिक्षण हमी कार्ड देते. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये आहे. एक पाऊल पलीकडे टाकले की शाळेची भाषा बदलते. घरी मावची बोलणारे, शाळेत मराठी शिकणारे मूल तिकडच्या वर्गात नुसते कार्ड घेऊन काय करणार? आजीआजोबा गावी असतील तर त्यांच्याजवळ, नाहीतर वसतिगृहात, पण मूल मागे राहिले तरच त्याचे वर्ष वाचते.

बाळांनो, तुम्हालाही एक सांगतो. ब्लँकेट द्याल तेव्हा आईबाबांना विचारा, "यंदा उचल किती घेतली?" मी विचारले नव्हते.

पहिल्या नाताळच्या रात्री मरिया आणि योसेफही आपल्या गावापासून लांब, परक्याच्या जागेत होते. आपल्या मुलांचे आई-बापही आज तसेच कुठेतरी आहेत. त्यांचा पत्ता विचारून मग पिशव्या भरू या.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा.