दोन फोर-के मॉनिटर, एक डॉक

घरी दोन फोर-के मॉनिटर आणले आणि एकाच यूएसबी-सी डॉकला लावले. एकेकटा लावला तर ६० हर्ट्झ, दोन्ही लावले की दोन्ही ३० वर! माउस असा अडखळायचा की संध्याकाळपर्यंत डोकं दुखायचं. ड्रायव्हर बदलले, केबल बदलली. नवा डॉक मागवणारच होतो, म्हणजे आणखी आठ-दहा हजारांना फोडणी.

शेवटी कागदावर हिशोब मांडला. इंजिनिअर माणूस, पण हे सुचलं चौथ्या दिवशी! फोर-के ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण १२.५ गिगाबिट लागतात. माझा पोर्ट डिस्प्लेपोर्ट १.२ चा, चारही लेन मिळाल्या तरी १७.२८. दोघांचे २५ त्यात मावणार कसे? डॉक बिचारा निर्दोष होता.

लॅपटॉपला एचडीएमआय २.० पोर्ट होता, तो मी विसरूनच गेलेलो. एक मॉनिटर थेट तिथे लावला, दुसरा यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलने. दोन्ही ६० वर!

फक्त तुमचा एचडीएमआय १.४ असेल, तर तिथेही फोर-के ३० वरच अडकेल. पोर्ट दिसायला सारखेच असतात, म्हणून खरेदीआधी लॅपटॉपच्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन उघडून बघा.